बिलावरचा आकडा आणि त्यानंतरची पाच वर्षं

टेबलावर तीन कोटेशनं असतात. तिन्हींच्या शेवटच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात एक आकडा असतो. बैठकीत सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते, कोणीतरी सर्वांत लहान आकड्याभोवती पेनाने गोल करतं आणि निर्णय होऊन जातो. अशा बैठकांना मी कितीतरी वर्षं बसले आहे. तो गोल माझ्याही पेनाने बरेचदा झाला आहे.

एका खरेदीनंतर मात्र माझा त्या गोलावरचा विश्वास उडाला. माल पाठवण्याच्या विभागासाठी आम्ही नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, तिघांतलं सर्वांत स्वस्त. दोन-तीन महिने उलटले तरी त्या विभागातून ‘रोज उशीर होतो’ ही कुरबुर थांबेना, म्हणून एक दिवस मी तिथल्या सर्वांत जुन्या ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्या म्हणाल्या, “मॅडम, जुन्यात पत्ता टाकून एंटर मारलं की कर्सर आपसूक पुढच्या रकान्यात जायचा. इथे दर वेळी माउस हातात घ्यावा लागतो. आणि सेव्ह केलं की हे गोल फिरत बसतं, तोवर आपण नुसतं बघायचं.” मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली. एका नोंदीमागे जुन्यापेक्षा साधारण 20 सेकंद जास्त जात होते.

वीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्या विभागात चार जण होते आणि प्रत्येकाच्या दिवसाला दीडशेच्या आसपास नोंदी. म्हणजे रोजचे 12,000 सेकंद, 3 तास 20 मिनिटं. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले तर 1,000 तास. आठ तासांचा दिवस मोजला तर एका माणसाची 125 दिवसांची मेहनत, दर वर्षी, फक्त कर्सर पुढे जात नाही म्हणून.

हे 1,000 तास कुठल्याच कोटेशनवर नव्हते आणि पुढे कुठल्याच बिलावरही आले नाहीत. रोज मरे त्याला कोण रडे, तशी गत. सर्व्हर एकदम बंद पडला असता तर आरडाओरडा झाला असता, तातडीची बैठक बसली असती. रोजच्या वीस सेकंदांसाठी कोणी बैठक बोलावत नाही.

तंत्रज्ञान बाळगण्याचा खर्च समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. हा खर्च कोणी लपवून ठेवलेला असतोच असं नाही. तो पांगलेला असतो. सर्व्हर आयटीच्या बजेटमधून येतो, त्याची वीज प्रशासनाच्या खात्यात पडते, ताईंचा जादा वेळ त्यांच्या विभागाच्या पगारात विरघळतो, ट्रेनिंग मनुष्यबळ विभाग करतो आणि करार मोडायची वेळ आली तर वकिलाची फी आणखी कुठल्या तरी डोक्यावर बसते. प्रत्येक खात्यात थोडं थोडं, म्हणून प्रत्येकाला ते किरकोळ वाटतं. सगळ्याची बेरीज एका कागदावर कधी येतच नाही.

ती बेरीज मांडण्याच्या पद्धतीला ‘टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप’, थोडक्यात टीसीओ म्हणतात. मराठीत एकूण मालकी खर्च म्हणू. कल्पना फार जुनी आहे, यंत्रसामग्री घेणारे कारखाने असा हिशेब पूर्वीपासून करत आले आहेत. संगणकाच्या क्षेत्रात मात्र ती रुजली ती गार्टनर या संशोधन संस्थेमुळे. 1987 मध्ये तिथल्या बिल किर्विन यांनी कार्यालयांतल्या पीसींचा खर्च या पद्धतीने मांडून दाखवला. तोवर कंपन्या टेबलाटेबलांवर पीसी ठेवत सुटल्या होत्या आणि खर्च म्हणजे डब्याची किंमत असंच धरत होत्या. दुरुस्ती, सॉफ्टवेअर, शिकवणं आणि शेजारच्या सहकाऱ्याचा प्रिंटर चालू करून देण्यात गेलेला वेळ, हे सगळं मोजल्यावर डब्याची किंमत एकूण खर्चातला लहान हिस्सा ठरते, हे त्यातून पुढे आलं. शेजाऱ्याला मदत करण्याचा वेळ खर्च म्हणून धरायचा, हे मला या पद्धतीतलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

खरेदीच्या आधीच मीटर सुरू होतो

चार जणांनी मिळून सहा आठवडे डेमो पाहणं, याद्या करणं, चाचणी घेणं हासुद्धा खर्च आहे. तो वाया जातो असं नाही, पण तो मोजावा. त्याहून मोठा खर्च जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याचा. व्हेंडर, म्हणजे विकणारी कंपनी, ‘डेटा मायग्रेशन’ अशी एक ओळ लिहून देतो आणि ती ओळ फार साधी दिसते. प्रत्यक्षात जुन्या यादीत एकच ग्राहक चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नोंदलेला असतो, फोन नंबरच्या रकान्यात कोणीतरी “दुपारनंतर करा” असं लिहून ठेवलेलं असतं आणि तारखा कुठे दिवस आधी तर कुठे महिना आधी. हे निस्तरायला व्हेंडरचा माणूस उपयोगाचा नाही, कारण त्या चारांतला खरा ग्राहक कोणता हे तुमच्याच माणसाला माहीत असतं. म्हणजे तुमची जाणती माणसं कित्येक दिवस याच कामाला जुंपलेली राहणार. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना ही साफसफाई कोणाच्या माथी आहे हे आधी विचारावं.

शिकण्याचा काळही असाच. दोन दिवसांचं ट्रेनिंग दोन दिवसांत संपतं, हात बसायला मात्र दोन-तीन महिने लागतात आणि तोवर काम मंद चालतं. त्यातच काही महिने जुनी आणि नवी अशा दोन्ही सिस्टीम एकदम चालवाव्या लागतात आणि दोन्हींचं भाडं भरावं लागतं. हे बहुतेक सगळे विसरतात.

हत्ती पोसण्याचा हिशेब

आता चालवण्याचा खर्च. इथे आकडे डोळ्यांसमोर ठेवलेले बरे.

500 वॉट खेचणारा एक सर्व्हर घ्या. तो कधी बंद होत नाही, म्हणजे वर्षाचे 8,760 तास चालतो. झाले 4,380 युनिट. पण त्याने तापवलेली खोली गार ठेवायलाही वीज लागते, यूपीएसमध्ये काही वीज वाया जाते. ही जोडवीज मोजण्यासाठी डेटा सेंटरवाले पीयूई नावाचं गुणोत्तर वापरतात. इमारतीत आलेली एकूण वीज भागिले प्रत्यक्ष यंत्रांना मिळालेली वीज. ग्रीन ग्रिड या उद्योगसंघटनेने ते 2007 मध्ये रूढ केलं. गुणोत्तर 1.5 असेल तर आपल्या सर्व्हरचे 4,380 युनिट बिलावर 6,570 होतात. पाच वर्षांत 32,850. हा आकडा आपल्या वीजदराने गुणून पाहा आणि मग ‘जास्त वीज खाणारं पण स्वस्त’ मॉडेल खरंच स्वस्त आहे का ते ठरवा. यूपीएसमधल्या साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या 3 ते 5 वर्षांत बदलाव्या लागतात, तेव्हा पाच वर्षांच्या हिशेबात किमान एक संच धरायलाच हवा.

सॉफ्टवेअरचं लायसन्स एकरकमी घेतलं तरी सुटका नसते. अपडेट आणि मदत हवी तर दर वर्षी देखभाल शुल्क भरायचं. डेटाबेस सॉफ्टवेअर विकणाऱ्या ओरॅकल कंपनीचा दर जगजाहीर आहे, लायसन्ससाठी मोजलेल्या रकमेच्या 22 टक्के दर वर्षी. पाच वर्षांत ते 110 टक्के होतं, म्हणजे मूळ किंमत पुन्हा एकदा भरून वर दहा टक्के. त्यामुळे ‘एकदाच पैसे, मग कायमचं आपलं’ या वाक्याने हुरळून जाऊ नये.

आणि मोफत सॉफ्टवेअर? ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, मला मनापासून आदर आहे, अनेक ठिकाणी तेच योग्य असतं. पण तिथे शून्य असते ती लायसन्सची रक्कम. बसवणारा, सांभाळणारा आणि मध्यरात्री उठून दुरुस्त करणारा माणूस मोफत येत नाही. शिवाय त्याच्या आयुष्याची दोरी आपल्या हातात नसते. सेंटओएस 8 ही मोफत लिनक्स प्रणाली 2029 पर्यंत सांभाळली जाईल असं धरून अनेकांनी सर्व्हरवर बसवली. डिसेंबर 2020 मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की 2021 संपताच तिचं काम थांबेल. एक पैसा न मोजता घेतलेल्या गोष्टीवरून वर्षभरात दुसरीकडे जाण्याचा खर्च सगळ्यांच्या दारात उभा राहिला. पर्याय निघाले, तेही चांगले, पण स्थलांतराचे तास ज्याचे त्यालाच मोजावे लागले.

महिन्याच्या भाड्याची गंमत आणि जोखीम

क्लाउड, म्हणजे दुसऱ्याचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरणं, आणि सबस्क्रिप्शन आल्यापासून पहिल्या दिवशीचा मोठा आकडा नाहीसा झाला. माणशी महिन्याला अमुक इतकं, बस्स. छोट्या व्यवसायाला याचा खरोखर आधार आहे. भांडवल अडकत नाही, सर्व्हर सांभाळायला माणूस लागत नाही, काम वाढलं की जागा वाढवता येते. मी स्वतः बहुतेक लहान कार्यालयांना हाच मार्ग सुचवते.

मात्र भाड्याला शेवट नसतो, आणि ते गुपचूप वाढतं. दर वर्षी 10 टक्के वाढ असेल तर पाचव्या वर्षी दर पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दीडपट झालेला असतो. माणसं सोडून जातात, त्यांची खाती चालूच राहतात आणि त्यांचे पैसे कापले जात राहतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. वापरणाऱ्यांची यादी आणि पगाराची यादी शेजारी ठेवून तिमाहीला एकदा ताळा केला तरी यातला मोठा भाग वाचतो. त्याच वेळी दुसरी एक गोष्ट तपासावी. मीटिंगसाठी एक ॲप, फाइली पाठवायला दुसरं, सही घ्यायला तिसरं, आणि यातली दोन कामं करणारं साधन आपण आधीच भाडं भरत असलेल्या पॅकेजमध्ये पडून आहे. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायचे पैसे आपण महिनोन्महिने भरतो.

क्लाउडवर भाड्याने घेतलेलं यंत्र तासावर मोजलं जातं. आठवड्यात 168 तास असतात. नवं काही करून पाहण्यासाठी घेतलेलं चाचणीचं यंत्र प्रत्यक्षात कामाच्या 50 तासांतच लागतं, उरलेले 118 तास ते रिकाम्या खोलीतल्या दिव्यासारखं चालू असतं. संध्याकाळी आपोआप बंद आणि सकाळी चालू एवढी सोय लावून दिली तर त्या यंत्राच्या तासांचं बिल 70 टक्क्यांनी खाली येतं. फारशी अक्कल लागत नाही, फक्त ते यंत्र कोणाचं आहे हे ठरलेलं असावं लागतं. बहुतेक वेळा तेच ठरलेलं नसतं.

बाहेर पडण्याचं शुल्क ही आणखी एक गोष्ट. क्लाउडमध्ये डेटा नेताना साधारणपणे पैसे पडत नाहीत, बाहेर काढताना पडतात. हा प्रश्न एवढा गाजला की युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने 12 जानेवारी 2027 पासून एका क्लाउड सेवेतून दुसरीकडे जाणाऱ्या ग्राहकाकडून असं शुल्क घेण्यावर बंदी घातली आहे. 2024 च्या सुरुवातीला गूगल आणि ॲमेझॉनने सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी ते आधीच माफ केलं. तरी रोजच्या वापरात डेटा बाहेर काढण्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी आहेच, त्यामुळे दरपत्रकातली ती ओळ शोधून वाचावी.

भाव बदलला नाही तरी भाव मोजण्याची रीत बदलू शकते, आणि तो फटका जास्त लागतो. जानेवारी 2023 मध्ये ओरॅकलने जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आपल्या सॉफ्टवेअरचं नवं सबस्क्रिप्शन कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारायला सुरुवात केली. जावा कोण वापरतं, किती यंत्रांवर, हा प्रश्नच उरला नाही. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सगळ्यांना सबस्क्रिप्शनकडे वळवलं. ज्यांनी आपल्या सर्व्हरखोलीचा पुढच्या कित्येक वर्षांचा हिशेब जुन्या रीतीने मांडला होता त्यांचे कागद एका महिन्यात जुने झाले. यात कायदेशीर काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण एखाद्या कंपनीवर आपलं सगळं काम उभं असेल तर तिच्या विक्रीची, विलीनीकरणाची बातमी ही आपल्या खर्चाची बातमी असते.

बंद पडल्याचे तास

‘99.9 टक्के उपलब्धता’ हे शब्द करारात भारदस्त वाटतात. उलटा हिशेब करून पाहा. वर्षाच्या 8,760 तासांचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. तेवढा वेळ सेवा बंद राहिली तरी करार पाळलाच गेला. आणि करार मोडला तर भरपाई काय मिळते? बहुतेक करारांत पुढच्या बिलात थोडी सूट. त्या दिवशी न गेलेला माल, परत फिरलेला ग्राहक, हात बांधून बसलेली माणसं यांचा त्यात विचार नसतो. म्हणून बंद तासाची किंमत आपणच काढून ठेवावी. त्या सिस्टीमवर थेट अवलंबून असलेली माणसं, त्यांचा तासाचा खर्च, त्या तासात होणारा सरासरी धंदा आणि नंतर अनुशेष भरून काढायला लागणारा जादा वेळ. एवढं केलं तरी पुरेसं जवळ जाता येतं.

19 जुलै 2024 चा दिवस यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज यंत्रांसाठी एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभर यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख. विमानतळ, बँका, रुग्णालयं, सगळीकडे. कंपनीने ते अपडेट 78 मिनिटांत मागे घेतलं. पण आधीच अडकलेलं यंत्र सुरूच होत नव्हतं, तर त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी कोणालातरी प्रत्येक यंत्रासमोर उभं राहून ते सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालेल असं, उघडावं लागलं, एक फाइल शोधून पुसावी लागली, पुन्हा सुरू करावं लागलं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली, असेल तर त्याआधी त्या यंत्राची लांबलचक रिकव्हरी की टाकावी लागली. ज्या कार्यालयांनी या किल्ल्या नीट जपल्या होत्या ती लवकर उठली. ज्यांच्या किल्ल्यांची यादीच बंद पडलेल्या एखाद्या सर्व्हरवर होती त्यांनी काय केलं असेल याचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. चूक 78 मिनिटांची होती, उरलेला सगळा वेळ माणसांच्या हातांचा होता.

बॅकअपवरचा खर्चही मी याच खात्यात धरते, आणि त्यात बॅकअप परत आणून पाहण्याच्या सरावाचे तास धरते. कधीच परत आणून न पाहिलेला बॅकअप हा माझ्या लेखी अजून घेतलेलाच नाही.

निरोपाचा खर्च

यंत्राचं आयुष्य ते मोडल्यावरच संपतं असं नाही. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी पीसी एका तारखेने जुने ठरले. जुन्यावरच राहायचं तर संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षं पैसे भरून सुरक्षा अपडेट घेता येतात, आणि तो दर प्रत्येक वर्षी दुप्पट होतो. मधल्या वर्षी सामील झालात तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. या तारखा अचानक येत नाहीत, त्या कित्येक वर्षं आधी जाहीर असतात. खरेदीच्या दिवशीच विचारावं की याचा आधार कोणत्या तारखेला संपणार आहे. दोन वर्षं आयुष्य उरलेलं यंत्र पंधरा टक्के सवलतीत मिळत असेल, तर ती सूट नव्हे.

शेवटची पायरी विल्हेवाटीची. इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. मॉर्गन स्टॅन्लीने 2016 मध्ये अमेरिकेतली दोन डेटा सेंटरं बंद केली. यंत्रं हलवायला आणि त्यांतला डेटा नष्ट करायला नेमली ती सामान हलवणारी एक कंपनी, जिला डेटा नष्ट करण्याचा काहीच अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती तशीच आत असलेली काही उपकरणं पुढे ऑनलाइन लिलावात विकली गेली. अमेरिकी बँक नियामकाने ऑक्टोबर 2020 मध्ये 6 कोटी डॉलरचा दंड केला, रोखे नियामकाने सप्टेंबर 2022 मध्ये आणखी 3.5 कोटी डॉलरचा. त्या हार्ड डिस्क नीट पुसून किंवा चिरडून त्यांचं प्रमाणपत्र घ्यायला किती लागलं असतं, याची याच्याशी तुलनाच होत नाही. भंगाराचे किती येतील हे विचारण्याआधी आत काय आहे हे विचारायचं.

एक पान, एक मालक

आता हे सगळं मांडायचं कसं? साधी स्प्रेडशीट पुरते. उभे रकाने वर्षांचे, खरेदीआधीचं वर्ष, मग एक ते पाच, आणि शेवटी निरोपाचा एक. आडव्या ओळींत वर आलेले खर्च. जितके पर्याय तितकी पानं, पण सगळ्यांचा कालावधी एकच. एकाचा तीन वर्षांचा आणि दुसऱ्याचा पाच वर्षांचा हिशेब शेजारी ठेवून तुलना करण्याची चूक फार सर्रास होते.

माणसांचे तास पैशांत आणताना नुसता पगार धरू नये. पगार, त्यावरचे इतर लाभ, बसायची जागा, हे मिळून वर्षाचा खर्च काढावा आणि प्रत्यक्ष कामाच्या तासांनी भागावं. सुट्या आणि आजारपण वगळून ते तास कागदावरच्या तासांपेक्षा बरेच कमी भरतात. आकडा अंदाजाचाच असणार, आणि तसाच असू द्यावा. एकच नेमका आकडा लिहिण्यापेक्षा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ लिहिलेलं मला जास्त प्रामाणिक वाटतं. मग तो कागद थोडा हलवून पाहावा. वापरणारे दुप्पट झाले तर? भाडं दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढलं तर? ही सिस्टीम ज्याला एकट्याला कळते तो नोकरी सोडून गेला तर? तिन्ही प्रश्नांनंतरही जो पर्याय पहिला राहतो त्याच्यावर निर्धास्त राहता येतं. पहिल्याच प्रश्नाला जो कोलमडतो तो सोडावा, त्याचं कोटेशन कितीही लहान असो.

अकाउंट्सच्या मंडळींशी बोलताना एक गोंधळ हमखास होतो. ताळेबंदातला घसारा आणि हा हिशेब वेगळे आहेत. घसारा म्हणजे आधीच खर्चलेली रक्कम वर्षांवर वाटणं. ‘अजून घसारा संपला नाही, मग बदलायचं कसं’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. ते पैसे गेलेले आहेत, ठेवलं तरी आणि बदललं तरी. विचार फक्त इथून पुढच्या खर्चाचा करायचा. कालावधी सात-आठ वर्षांचा असेल तर उद्याच्या पैशाची किंमत आजच्यापेक्षा कमी हेही धरावं लागतं, तीन वर्षांसाठी त्यात फार डोकं घालू नये.

हेही खरं की हा कागद फक्त खर्च सांगतो. लाभ त्यात नाही. महाग सिस्टीम माणसांचा निम्मा वेळ वाचवत असेल तर तीच घ्यावी. पण खर्चाची बाजू अर्धीच दिसत असेल तर लाभाशी तुलना तरी कशाशी करणार?

करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी मी आता सोडत नाही. पहिली म्हणजे नूतनीकरणाची तारीख. अनेक करार आपोआप पुढच्या वर्षात जातात आणि थांबवायचं असेल तर 60 किंवा 90 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ती नोटिशीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकायची, संपण्याची नव्हे. दुसरी म्हणजे डेटा परत काढून पाहणं. ‘एक्सपोर्टची सोय आहे’ यावर समाधान मानायचं नाही. चाचणीच्या काळातच पन्नास खऱ्या नोंदी टाकायच्या, त्या बाहेर काढायच्या आणि फाइल उघडून पाहायची. एकदा अशा फाइलमध्ये सगळे रकाने नीट आले होते, पण प्रत्येक ऑर्डरला जोडलेली कागदपत्रं गायब होती. व्हेंडर म्हणाले, ती मागाहून विनंती केल्यावर देतो, वेगळं शुल्क पडेल. हे सही झाल्यावर कळलं असतं तर आम्ही अडकलोच होतो.

आणि प्रत्येक सिस्टीमच्या पानावर वर एका माणसाचं नाव. विभागाचं नाही, माणसाचं. बिलं वेगवेगळ्या खात्यांत जाऊ देत, पण बेरीज त्याच्याकडे यायला हवी. नूतनीकरणाची तारीख, आधार संपण्याची तारीख, वापरणारे किती आणि पैसे कितींचे जातात, मागच्या तिमाहीत किती तास बंद होती, एवढं त्याला न शोधता सांगता आलं पाहिजे. नाव लिहिल्याबरोबर काही ठिकाणी दोन महिन्यांत वापरात नसलेली साधनं बंद झालेली मी पाहिली आहेत, कारण तोवर ती बंद करा असं म्हणणारं कोणीच नव्हतं.

माल पाठवण्याच्या विभागातलं ते सॉफ्टवेअर आम्ही दोन वर्षांनी बदललं. पुन्हा तीन कोटेशनं आली. या वेळी बैठकीच्या आधी तिन्ही व्हेंडरना आम्ही त्याच विभागात बोलावलं आणि ताईंना त्यांच्या नेहमीच्या दहा ऑर्डरी प्रत्येकावर टाकायला सांगितल्या. मी शेजारी मोबाइलवर वेळ लावून उभी होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरवर त्यांनी पत्ता टाकला, एंटर मारलं, कर्सर पुढच्या रकान्यात गेला. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि न बोलता पुढचा पत्ता टाकायला घेतला. त्याचं कोटेशन तिघांत मधलं होतं. पाच वर्षांच्या पानावर त्याची बेरीज सर्वांत कमी आली.